परवा येणार होते

रघुनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. फोन मलकपेठेहून होता, तो राहायचा त्या खोलीच्या मालकाचा. “अम्मा, रघुभाई उठरे नईं जी,” हेच तो तीनदा म्हणाला. मी विचारलं, श्वास चालू आहे का. तो म्हणाला, “तुम आ जाओ अम्मा.” तेव्हा कळलं. हातातली कैरी पुरी फोडली, कोय काढून टाकली आणि हात धुतले. माझी लेक सुनंदा त्या दिवशी माझ्याकडेच होती, तिला रिक्षा आणायला सांगितलं. लोक म्हणतील काय बाई आहे. पण अर्धवट फोडलेली कैरी काळी पडते, आणि गेलेल्या माणसाला पाच मिनिटांनी काही फरक पडत नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजलेला होता. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. कुणी पाहिलं?

रघुनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन हैदराबादला नल्लकुंट्याच्या घरात आले तेव्हा मी अठराची होते आणि तो अकरा वर्षांचा. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून त्याचं खाणंपिणं, शाळेचे कपडे, मारामारी करून आला की हळद लावणं, सगळं माझ्याकडे आलं. तो मला वैनी म्हणायचा, मी त्याला नावाने हाक मारायची. मोठेपणी तो सिनेमाचे सेट उभे करायचा. मोठ्या सिनेमांचे नव्हे. भुताचे, हडळींचे, तळघरात पुरलेल्या प्रेतांचे, चार माणसांत उरकायचे सिनेमे असतात ना, त्यांचे. पेपरच्या पुरवणीत सिनेमातल्या नावाजलेल्या लोकांवर लिहून येतं. याचं नाव पडद्यावर कधी आलंच नाही. ते आलं नाही याला मी कारण आहे, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. आता तो जाऊन दीड महिना झाला. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

त्याला हात चांगला होता. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग नामपल्लीच्या मैदानात प्रदर्शन भरायचं तिथे स्टॉल सजवायला लागला. तिथे सिनेमाचे सेट लावणारा एक उस्ताद त्याला भेटला आणि उचलून घेऊन गेला. त्या उस्तादाकडे त्याने बारा वर्षं काढली. काम एकच, नव्याचं जुनं करायचं. खिळे मिठाच्या पाण्यात टाकून गंज चढवायचा. लाकडाचा भुसा सरसात कालवून भिंतीवर थापला आणि हिरवा रंग मारला की शेवाळ. चहाचं पाणी वरून सोडलं की ओल उतरल्याचा डाग. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन असतं, ते पंख्यापुढे धरून त्याच्या तारा उडवायचा, त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या की जाळी. रक्त साखरेच्या पाकात लाल रंग घालून करायचा, आणि त्याला मुंग्या लागायच्या. एकदा मेलेला म्हणून निजलेला नट मुंग्या चावल्या म्हणून उठून पळाला, हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की गोष्ट पुरी व्हायची नाही. एकच भिंत सकाळी जमीनदाराची, दुपारी उलटी फिरवली की स्मशानाची. पैसा नसला की डोकं चालवावं लागतं, वैनी, म्हणायचा. माझं एक पांढरं पातळ त्याने न विचारता नेलं होतं. मला वाटलं वाळत घातलेलं चोरीला गेलं. चार महिन्यांनी आम्ही सगळे सिनेमा बघायला गेलो, तर माझं पातळ पडद्यावर झाडावरून उडत होतं. काठावरचा रफू दिसला म्हणून ओळखलं. मी थेटरातच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“गप की वैनी, लोक घाबरायलेत,” तो म्हणाला.

“आधी तू मला घाबर. कामून नेलं माझं पातळ?”

“हडळीला बसलं बरोबर. तुमच्याच अंगाची आहे ती.”

असं आमचं चालायचं. रोज. त्याने बोलायचं आणि मी उलटं बोलायचं, त्याशिवाय दोघांनाही जेवण जायचं नाही.

पण या सगळ्या सिनेमांत नाव यायचं उस्तादाचं. दिवे बंद झाले, पाट्या सुरू झाल्या की रघुनाथ खुर्चीत पुढे सरकून बसायचा आणि नाव येऊन गेलं की मागे टेकायचा. ते मी पाहिलेलं आहे. पुढे उस्ताद मद्रासला गेला. नव्वदनंतरची गोष्ट ही. नामपल्लीत कॅसेटचं दुकान असलेल्या एका शेठला सिनेमा काढायची हौस आली, आणि त्याने रघुनाथला सांगितलं की सेट तुझा, नाव तुझं. फक्त स्टुडिओ परवडणार नाही, तर एखादं घर बघ. तेव्हा रघुनाथ अडतीस वर्षांचा होता. लग्न केलेलं नव्हतं, करायचं नाव काढत नव्हता. तो घरी आला, पाटावर बसला आणि म्हणाला, “वैनी, पुढची खोली पाहिजे.”

आमच्या घराला तीन खोल्या, एकामागे एक. सासऱ्यांनी मरायच्या आधी चार माणसांसमोर सांगून ठेवलं होतं, पुढची रघूची, मागच्या दोन थोरल्याच्या. म्हणजे खोली त्याचीच होती, विचारलं हा त्याचा चांगुलपणा. पण घराला दार एकच, तेही पुढच्या खोलीला. रस्त्याकडच्या दोन खिडक्या, त्याही तिथेच. आमच्या मागे मोरी आणि मोरीला लागून शेजाऱ्याची भिंत. आम्ही तिघं, मी, सुनंदा आणि तिचे वडील, श्वास घ्यायचो तो रघुनाथच्या खोलीतून येणारा. हे मी बोलले. सुनंदाचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते, बोलणं कमी. ते म्हणाले, “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्याचं पहिलं काम आहे.” मी म्हटलं, घे.

आठ दिवसांत त्याने त्या खोलीचं जे केलं ते मी विसरणार नाही. मागच्याच वर्षी चुना दिलेल्या भिंती शंभर वर्षांच्या झाल्या. शेवाळ, ओल, पोपडे. खोक्यांच्या फळ्या आणल्या, त्यांना काजळ आणि काव चोळून कुजल्यासारखं केलं आणि दोन्ही खिडक्यांवर आतून आडव्यातिडव्या ठोकल्या. मधून बोटभर फटी ठेवल्या, त्यातून उजेडाच्या पट्ट्या खाली पडायच्या. तो जमिनीवर उताणा पडून त्या पट्ट्या बघायचा. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही, पण नजर निघत नव्हती. पहिल्याच सकाळी मी केरसुणी घेतली आणि सवयीने कोपऱ्यातली जाळी काढली. तो बाहेरून आला आणि ओरडला, “वैनी, काय केलंत हे?”

“घाण होती, काढली.”

“तीन तास लागलेत तिला!”

“मग आधी सांगायचं. मला काय माहीत कोणती घाण ठेवायची नि कोणती काढायची.”

अकरा दिवस शूटिंग झालं. गोष्ट अशी होती की नवी नवरी सासरी येते, तिला एका खोलीत कोंडतात आणि तिला बाहेर पडता येत नाही. मी म्हटलं, याला सिनेमा कशाला पाहिजे. नवरी झालेली पोरगी मधल्या वेळेत माझ्याजवळ बसून लसूण सोलायची. कॅमेरा धरायचा यादगिरी नावाचा माणूस, बोलका, माझ्या हातची भाकरी त्याला फार आवडायची. मग एक दिवस शेठ आला, खोली बघून गेला, आणि निरोप आला की उरलेलं शूटिंग दिवाळीनंतर. सामान घेऊन सगळे गेले. मी बादली भरली, सोडा घेतला, भिंती धुवायला. रघुनाथ दारात आडवा उभा राहिला.

तेव्हा मला त्याच्या धंद्यातला तो शब्द कळला, कंटिन्यूटी. म्हणजे अर्धं चित्र घेऊन झालंय, तर पुढचं अर्धं त्याला तंतोतंत जुळलं पाहिजे. खुर्ची बोटभर सरकली, जाळं तुटलं, डाग पुसला, की पडद्यावर कळतं आणि आधीचं सगळं फुकट. त्याने खडूने प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारून ठेवली. दारापासून आमच्या खोलीपर्यंत दीड हात रुंद वाट आखून दिली, त्या वाटेने जायचं, त्याच वाटेने यायचं. पंखा लावला तर जाळी तुटतात, म्हणून पंखा बंद. खिडक्या तर ठोकलेल्याच. “आठ दिवस वैनी,” तो म्हणाला. नंतरही दर वेळी तो आठच दिवस म्हणायचा, कधी दहा म्हणाला नाही.

दिवाळी त्या खोलीच्या मागे झाली. पणत्या फाटकावर लावल्या. त्या वर्षी आमची सगळी गल्ली नवी होत होती. कुणी जमिनीला टाइल्स घालतंय, कुणी ओट्याला काळा दगड, केबलची तार या गच्चीवरून त्या गच्चीवर आली, रंगीत टीव्ही आले. आणि मधेच आमचं एक घर, मुद्दाम जुनं करून ठेवलेलं. दूधवाला फाटकावरच दूध ओतून द्यायला लागला. पोस्टमन आत पाय टाकेना. समोरच्या लक्ष्मम्माने तर एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, “मी इंट्लो दय्यं उंदा अम्मा?” तुमच्या घरात भूत आहे का. मी म्हटलं, आहे ना, दुपारी जेवायला येतं, आमटीत तिखट कमी पडलं की ओरडतं. ती हसली, पण घरात आली नाही. संक्रांतीला हळदीकुंकू मी रस्त्यावर केलं. बायका फाटकाबाहेर उभ्या, मी आत, मधून वाण दिलं. तुरुंगात भेटायला यावं तसं.

दर सोमवारी रघुनाथ शर्टाला इस्त्री करून नामपल्लीला शेठच्या दुकानी जायचा आणि दुपारी परत यायचा. “काय म्हणाला?” “बोललोय.” एवढंच. बाकीचे दिवस तो त्या खोलीत असायचा. एकदा मी आतून पाहिलं, तो बारीक ब्रश घेऊन छताजवळ एक भेग काढत होता. केसासारखी बारीक, खाली येताना दोन ठिकाणी फुटलेली. मी म्हटलं, शूटिंग थांबलंय तर आता रंगवतोस काय? तो म्हणाला, “राहिलं होतं वैनी.” मी स्वयंपाकाला गेले.

उन्हाळा लागला. हैदराबादचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्या तीन खोल्यांत सरसाचा आंबूस वास आणि काजळी. सुनंदाचे वडील कचेरीतून आले की फाटकाच्या कट्ट्यावरच बसून राहायचे, आत यायला बघायचे नाहीत. सुनंदा वीस वर्षांची, तिची पुस्तकं, तिचे कपडे, सगळ्याला तो वास. घरातून बाहेर पडताना ती श्वास धरायची हे मी बघत होते. मी रघुनाथला म्हटलं, पोरीला स्थळं येतायत, खोली मोकळी कर. तो म्हणाला, “वैनी, एवढा एक सिनेमा. नाव येऊ द्या एकदा. मग मी हाताने सगळं धुऊन देतो. तुम्ही म्हणाल तो रंग.” असं म्हणताना तो अकरा वर्षांचा असताना मार चुकवायला जसा बघायचा तसं बघत होता. मी काय बोलणार? खोलीही त्याची.

नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं शेतीवाली, आपल्यासारखी. घरी आणायची सोय नाही म्हणून बरकतपुऱ्यात माझी मामेबहीण राहायची, तिच्याकडे मुलगी दाखवली. त्यांना सुनंदा पसंत पडली. सगळं ठरल्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी मुलाची मावशी, परतीच्या गाडीला वेळ आहे तर पोरीचं घर तरी बघून घ्यावं, म्हणून न सांगता आली. मी बाजारात होते. दार सुनंदाने उघडलं. तिच्या मागे अंधार, जाळी, फळ्या ठोकलेल्या खिडक्या, आणि खुंटीवर त्या सिनेमातल्या नवरीचा फाटका, डाग पडलेला शालू. मावशी उंबऱ्यावरून पाणीही न पिता परत गेली. आठवड्याने निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण घराला काहीतरी आहे.

सुनंदा रडली नाही. भांडी घासत होती, घासता घासता म्हणाली, “आई, बरे लोक होते ते.” बास, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, सुनंदाचे वडील कचेरीत आणि रघुनाथ बाहेर गेलेला असताना, मी पक्कड आणि वरवंटा घेतला आणि त्या खोलीत शिरले. खडूच्या रेघा तुडवत गेले. पहिली फळी निघेना, त्याने खिळे तिरपे मारले होते. मग वरवंट्याने खालून ठोकली तशी करकरून सुटली. आवाज ऐकून लक्ष्मम्मा आली, फाटकात उभी राहिली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, चपला काढून आत आली आणि फळ्या धरायला लागली. ती फक्त “अय्यो, अय्यो” म्हणत होती आणि ओढत होती. दोन्ही खिडक्या उघडल्या. सात महिन्यांनी त्या खोलीत ऊन आलं, आणि त्या उन्हात भिंती बघितल्या तर नुसता भुसा आणि रंग. इतकी भीती कशाची वाटत होती तेच कळेना. मी सोडा कालवला आणि घासायला लागले. अर्धी भिंत झाली होती तेव्हा रघुनाथ आला.

तो उंबऱ्यावर थांबला. ओरडेल, आदळआपट करेल, म्हणून मी ब्रश हातात घट्ट धरून उभी. मलाही भांडायचंच होतं, सात महिन्यांचं तुंबलेलं होतं. त्याने खिडक्यांकडे पाहिलं, भिंतीवरून ओघळणाऱ्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं... आणि हळू आवाजात म्हणाला, “वैनी, परवा येणार होते ते.”

मी ब्रश बादलीत टाकला. परवा. सात महिने थांबले आणि दोन दिवस थांबता आलं नाही मला.

पुढचे चार दिवस खपून त्याने ती खोली धुऊन, चुना देऊन सिनेमाच्या आधी होती तशी करून दिली. पाचव्या दिवशी मलकपेठेत खोली घेऊन राहायला गेला. जाताना त्याच्या भावाला म्हणाला, ती खोली आता तुमचीच. सिनेमा झाला नाही. नंतर कुणी त्याला विचारलंही नाही. लोकांकडे पैसा यायला लागला होता, लग्नं मंगल कार्यालयांत व्हायला लागली, त्यांना स्टेजवर राजवाडे पाहिजे होते. रघुनाथ थर्मोकोलचे खांब कापायला लागला, मोर, हत्ती, कमानी. जुनं करण्यात आयुष्य गेलेला माणूस चकचकीत करायला लागला. पुढे सुनंदाचं लग्न झालं, चांगलं झालं, तिचं स्टेज त्यानेच केलं, साधं, झेंडूचं. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. थेट आत, स्वयंपाकघरात येऊन बसायचा, पुढच्या खोलीत टेकायचाही नाही. मला वाटायचं, माझ्यावरचा राग आहे, असू दे, माझंच चुकलंय.

आणि मी त्याच्याशी भांडायचं सोडलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला माहीत आहे. तो काही बोलला तर हो म्हणायचं. आमटीत तिखट कमी म्हणाला तर तिखट घालायचं. पूर्वी असं म्हणाला असता तर मी पळी फेकून मारली असती. तोही मग हळूहळू काही म्हणेनासा झाला. ज्या माणसाचं आपण वाटोळं केलं त्याच्यासमोर तोंड कसं वर करायचं? तीस वर्षं, दर रविवारी, मी वाढायची आणि तो जेवायचा. सुनंदाचे वडील गेले तेव्हाही आम्ही दोघं एकमेकांसमोर बसलो आणि हवापाण्याचं बोललो. फळ्या मी काढल्या, पण त्या खोलीतून मी काही बाहेर आले नाही.

तेराव्याला जेवायला थोडीच माणसं होती. त्यात यादगिरी आला, काठी टेकत. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला भाकरीवरून ओळख दिली. पुढच्या खोलीत पंगत मांडली होती. तो भिंतीकडे बघत बसला.

“इसीच कमरे में था ना अम्मा अपना सेट?”

“हो.”

“मैं बहुत पिक्चरां किया अम्मा. वैसा कमरा फिर नईं देखा.” मग तो मान हलवत म्हणाला, “दिवाली में शेठ हम दोनों को दुकान पे बुलाके बोल दिया, पिक्चर बंद. केबल का धंदा चालू किया उनों. मैं तो रोया अम्मा, झूट नईं बोलता. रघुभाई कुछ नईं बोले. चुपके सीढ़ियां उतर गए. घर आके बोले होंगे ना तुमकू?”

सुनंदा भाताचं भांडं घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात थांबला. पंगतीतल्या चारपाच जणांनी माना वर केल्या. दिवाळीत. म्हणजे संक्रांतीचं वाण मी फाटकातून दिलं ते उगाच. तो सगळा उन्हाळा उगाच. नांदेडची मावशी आली तेव्हा सिनेमा मरून पाच महिने झाले होते. आणि परवा कुणीही येणार नव्हतं.

“बोले थे,” मी म्हटलं. “त्याच दिवशी सांगितलं होतं त्याने. भात घ्या.”

आत गेल्यावर सुनंदाने विचारलं, “काकाने खरंच सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग खोटं का बोललीस?”

“मग काय सांगू इतक्या माणसांत? तेराव्याच्या ताटावर?”

“आई, त्याने तुला फसवलं.”

“मला कळतं,” मी म्हटलं. “भात संपत आलाय, दुसरा लाव.”

त्या दिवसापासून मी डोक्यात एकेक गोष्ट काढून बघतेय. दर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो कुठं जायचा? नामपल्ली स्टेशनवर बसून परत यायचा का? छताजवळची ती भेग. कंटिन्यूटी असती तर एक रेघ वाढवता आली नसती त्याला, हे त्यानेच मला शिकवलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रेघ काढत बसला तरी मला कळलं नाही. सिनेमा नव्हता, कुणी बघणार नव्हतं, नाव येणार नव्हतं. तरी करत होता. दिवाळीतच सांगितलं असतं तर त्याच दिवशी मी बादली घेऊन गेले असते, हे त्याला माहीत होतं. म्हणून आम्हाला तिघांना कोंडून ठेवलं त्याने, आणि स्वतःलाही. मी फळ्या काढल्यावर तरी खरं बोलायचं. पण नाही. शेठने बंद केला म्हणण्यापेक्षा वैनीने बंद पाडला, हे त्याला बरं वाटलं असेल. किंवा तोंडातून निघून गेलं असेल, आणि नंतर मागे घेता आलं नसेल. रविवारी तो पुढच्या खोलीत बसायचा नाही तो माझ्यावरच्या रागाने, असं मी म्हणायची. आता तेही पुन्हा बघावं लागतंय.

मला राग आलाय त्याचा. माणूस गेल्यावर रागावू नये म्हणतात. माझे तीस वर्षांचे रविवार गेले, तेव्हा मी रागावणार. आज तो समोर असता तर पळी नक्की फेकली असती. मग त्याने काहीतरी चावट उत्तर दिलं असतं, आणि मी... असो.

मी हे पुढच्या खोलीत, खिडकीशी बसून लिहितेय. त्या चार दिवसांत त्याने फळ्यांच्या खिळ्यांची भोकं चौकटीत पुट्टी भरून बुजवली होती आणि वर लाकडाच्या रेषा रंगवल्या होत्या. डोळ्याला काही दिसत नाही. नंतर दोनदा पॉलिश झालं, सुताराला सांगितलं तरी त्याला सापडली नव्हती. काल मी बोट फिरवत गेले तेव्हा एक लागलं, खालच्या बाजूला, जरासं गुळगुळीत आणि गार. शिवणातली सुई घेतली आणि खरवडून बघितलं. बराच वेळ बघितलं. सुई वाकली. पुट्टी काही निघाली नाही.